दांडका खुंटीवरच होता

बहिऱ्या माणसाकडे लाउडस्पीकर दुरुस्तीला द्यायचा, हा उद्योग आमच्या बेतेनानशिवाय दुसऱ्या कुठल्या गावात चालला नसता. पण बालीच्या उत्तर अंगाला, डोंगरउतारावर वसलेल्या या गावाला बहिऱ्यांचं अप्रूप नव्हतं. पिढ्यानपिढ्या काही घरांत बहिरी पोरं जन्मत आली आणि सगळं गाव थोडंफार हातांनी बोलायला शिकत आलं. कुणी नीट, कुणी धेडगुजरी. त्यामुळे देवळाचा कर्णा बिघडला की पुजारी तो खांद्यावर टाकून सरळ कांतुनच्या ओसरीवर आणून ठेवी. कांतुन जन्माचा बहिरा. तो कर्ण्याच्या पडद्याला आधी बोटं लावी, मग खालचा ओठ टेकवी, आणि कुठे फाटलंय ते ओळखून भाताच्या खळीने कागद डकवून देई. काम झाल्यावर कर्णा खरखरतो की काय हे बघायला मात्र शेजारच्या रानिसला बोलवावं लागे. रानिस डोकं तिरकं करून ऐके आणि चांगला वाजत असला तरी नाक मुरडून 'अजून जरा' असं खुणावी, कारण तेवढ्या वेळात दार्मीची कॉफी तयार होई.

दार्मी म्हणजे कांतुनची बायको. तीही बहिरीच. दोघांचं जमलं ते ओढ्याच्या आरपार. हा या काठावर लाकडं फोडायचा, ती त्या काठावर कपडे धुवायची, आणि मधल्या दरीवरून हातवारे चालायचे. चोरून कुजबुजायची सोय त्यांना नव्हती. लांबून बोलायचं तर हात मोठे फिरवावे लागतात, आणि मोठे फिरवलेले हात अख्ख्या उताराला दिसतात. लग्नाची बोलणी घेऊन कांतुनची आई गेली तेव्हा दार्मीच्या आईने म्हणे पाट मांडता मांडताच सांगितलं, "बस. तुझा पोरगा काय काय कबूल करून बसलाय ते आम्हाला सगळं ठाऊक आहे. घराला नवी कौलं घालणार म्हणालाय, ते आधी घालू दे."

कौलं घातली. लग्न झालं. मूल मात्र झालं नाही. त्यावरून गावाने बोलायचं तेवढं बोलून घेतलं आणि दमून सोडून दिलं. दोघं भांडायचीही कडकडून. पण भांडणात शेवटचा शब्द नेहमी दार्मीचाच, कारण कांतुनचे हात फार चालायला लागले की ती डोळे मिटून घेई. मिटलेल्या डोळ्यांसमोर नवऱ्याने किती हात नाचवायचे? तो चरफडत कोंबड्यांना दाणे टाकायला जाई.

कांतुनच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असे. बहिऱ्यांच्या घरात ज्या ज्या गोष्टी आवाजाने कळायच्या त्या डोळ्याने नाहीतर अंगाने कशा कळतील, एवढाच त्याचा ध्यास. फाटकाला दोर बांधून त्याने तो घरात आडव्या वेळूला नेला आणि वेळूच्या टोकाला कोंबड्याच्या शेपटीची पिसं लावली. पाहुण्याने दोर ओढला की आत पिसं नाचत. सुरी नावाच्या बहिऱ्या लेकुरवाळीला त्याने झोळीपासून तिच्या घोट्यापर्यंत अशी दोरी बांधून दिली की पोर हातपाय झाडायला लागलं की आईच्या पायाला हिसका बसावा. सुरीची सासू ऐकणारी. ती म्हणायची, "आता माझं काम काय राहिलं? पोर रडलं की सुनेला उठवायचं, तेवढाच एक माझा मान होता." रानिस तर येता-जाता दार्मीच्या फाटकाचा दोर उगाच ओढायची. दार्मी बाहेर येऊन बघे तो रानिस साळसूदपणे आभाळाकडे बघत उभी.

हे सगळं ठीक होतं. पण एका आवाजापुढे कांतुनची कुठलीच दोरी पुरत नव्हती.

आमच्या वस्तीचं सभागृह आहे. वस्तीला आणि तिच्या पंचायतीला मिळून आम्ही बंजार म्हणतो. सभागृहाच्या कोपऱ्यात उंच मनोरा आणि त्यात पोकळ ओंडका टांगलेला. त्याला कुलकुल म्हणतात. देवासारखं त्याला चौकड्यांचं वस्त्र नेसवलेलं असतं. दांडक्याने त्यावर टोले दिले की बंजारने गोळा व्हायचं. बैठकीचे टोले वेगळे, आगीचे वेगळे आणि मयताचे वेगळे. मयताचे टोले पडले की घरटी एकाने हातातलं काम टाकून, कमरेला पट्टा बांधून, तांदूळ घेऊन निघायचं. जो येत नाही त्याला कुणी काही विचारत नाही. फक्त लक्षात ठेवतात. आणि त्याच्या घरी कुणी वारलं की मग सगळ्यांनाच नेमकी कामं निघतात. ताटी उचलायला माणूस मिळत नाही. वाळीत टाकणं याहून निराळं काही नसतं.

पूर्वी टोले पडले की रानिस धावत येऊन दोघांना सांगायची. पण ती लेकीच्या बाळंतपणाला लांब गेली, आणि नेमकी त्याच काळात वरच्या आळीत लागोपाठ दोन माणसं गेली. कांतुनला पत्ताच नाही. तो ओसरीवर बसून कुणाचातरी पंखा खोलत होता, आणि समोरच्या वाटेने लोक पट्टे बांधून जात होते. त्याला वाटलं, देवळात काही असेल. पुढे बंजारच्या बैठकीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली. लोक दाटीवाटीने बसले, पण त्या जागेवर कुणी बसलं नाही.

दार्मीला तेव्हा पोटात पाणी व्हायला लागलं होतं. शहरातल्या डॉक्टरने औषध दिलं, पण त्याचा चेहरा काही वेगळंच सांगत होता, आणि चेहरे वाचण्यात दार्मीचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरी आल्यावर तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"पोर नाही, बाळ नाही. मी गेले की मला उचलणार कोण?" तिचे हात विचारत होते.

"बंजार आहे की."

"बैठकीला तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

कांतुनने हात मांडीखाली घातले.

"एकट्याने उचलशील मला?" दार्मीने गाल फुगवून स्वतःचं फुगलेलं अंग दाखवलं. "भाताचं पोतं उचलताना तुझी पाठ धरते."

दोघं हसली म्हणे. पण त्याच दिवसापासून कांतुनने बाकी सगळी कामं बाजूला सारली.

पहिला प्रयत्न फसला, आणि असा फसला की गावाला वर्षभराची करमणूक झाली. जुन्या टेपरेकॉर्डरचा माइक काढून कांतुनने ओसरीला टांगला आणि त्याला मोटारसायकलचा मागचा लाल दिवा जोडला. मोठा आवाज झाला की दिवा लागायचा. पण माइकला मयताचा टोला आणि बाकीचा गोंगाट यांतला फरक कसा कळावा? कोंबडा आरवला, दिवा. पलीकडे वाजंत्र्यांची तालीम सुरू झाली, दिवा. एका दुपारी दिवा लागला तो विझेचना. कांतुनने पट्टा बांधला, दार्मीने तांदूळ, कॉफी, साखर आणि प्रेतावर घालायचं पांढरं कापड टोपलीत भरलं, आणि दोघं निघाली. वाटेत बघतात तो लंद्राआजोबांच्या अंगणात ही गर्दी. आजोबा बरेच दिवस अंथरुणावर होते. दोघांनी ओळखायचं ते ओळखलं, खाली मान घालून आत शिरली आणि टोपली पायरीवर ठेवली.

आत लंद्राआजोबा पाटावर बसून भाजलेलं डुक्कर खात होते. दुखण्यातून उठले म्हणून त्यांच्या लेकाने जेवण घातलं होतं आणि वाजंत्री बोलावली होती.

आजोबांनी टोपलीतलं पांढरं कापड बघितलं. तोंडातला घास नीट चावून गिळला आणि लेकाला म्हणाले, "ही दोघं एकदम वेळेवर आलीत की फार लवकर, ते तूच ठरव."

रानिस तोवर लेकीकडून परतली होती; तिला हसू आवरेना, तिला मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं. आजोबा मात्र मनातून चरकले. पुढे जवळजवळ वर्षभर ते कांतुनला वाटेत बघून रस्ता बदलत.

दार्मी त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. कांतुनने माइक काढून कोंबड्यांच्या खुराड्यात फेकला.

मग त्याला सुचलं ते इतकं साधं होतं की सुचायला एवढा वेळ का लागला, याचीच त्याला लाज वाटली. आवाजाच्या मागे लागायचंच कशाला? कुलकुल वाजवायचा तर आधी दांडका खुंटीवरून उचलावा लागतो. त्या खुंटीला खालून स्प्रिंग लावायची. दांडका टांगलेला असला की खुंटी दबलेली. उचलला की खुंटी वर येईल, दोन पत्रे एकमेकांना टेकतील, आणि बहिऱ्यांच्या सगळ्या घरांत लाल दिवे लागतील. गावची वीज भरवशाची नाही म्हणून मनोऱ्याच्या पायथ्याशी मोटारसायकलची बॅटरी.

बंजारपुढे मागणी गेली तेव्हा म्हातारे उखडले. कुलकुलला तार लावायची म्हणजे देवाच्या अंगाला हात लावायचा. बंजारचे प्रमुख पाक सुमेर्ता (मोठ्या माणसाला आम्ही मानाने पाक म्हणतो) मनाने चांगले, पण निर्णय घ्यायची वेळ आली की पोट चोळत बसायचे. बहिऱ्यांनी त्यांचं नावच पाडलं होतं, पोटावरून गोल फिरवलेला हात. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, एक त्यांना सोडून.

"पाक, तो ओंडक्याला हात लावत नाहीये," रानिस बायकांच्या बाजूने म्हणाली. "खुंटीला लावतोय."

"खुंटी काय देवाबाहेर आहे?" एक म्हातारा म्हणाला.

पुजारी इतका वेळ सुपारी चघळत होते. ते म्हणाले, "ती खुंटी गेल्या साली मी स्वतः बाजारातून आणली. तिला अजून कुणी वस्त्र नेसवलेलं नाही. तुम्हाला नेसवायचं असेल तर नेसवा, मग बोलू."

लोक हसले, आणि हसण्यात ठराव होऊन गेला.

तारा झाडाझाडांवरून गेल्या. दिवे लागले. त्यानंतर एकही मयत कांतुनचं चुकलं नाही. कधीकधी तर तो ऐकणाऱ्यांच्या आधी हजर, कारण दांडका उचलला की दिवा लागे आणि टोला पडायचा तो त्याच्यानंतर. लंद्राआजोबा खरोखर गेले तेव्हा पहिला पोचला तोच. पुढच्या बैठकीत आजोबांचा लेक येऊन त्याच्या शेजारी बसला. घरी येऊन कांतुनने ते दार्मीला तीनतीनदा सांगितलं. कसा आला, कसा बसला, गुडघा गुडघ्याला कसा लागला.

दार्मी आता अंथरुणालाच होती. तिने अंथरूण दिव्याखाली घालून घेतलं होतं. तोंडावर हसू आणून ती म्हणायची, "मी गेले की हा लागेल. तू बघत राहा."

ती गेली देवळाच्या मोठ्या उत्सवात. दुपार होती. कांतुन तिला भाताची पेज भरवत होता, आणि तिने डोळे मिटले. त्याला सवयीने वाटलं, पेज नको म्हणतेय. तो चमचा धरून तसाच थांबला. पेजेवर साय धरली तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला.

ज्याच्या घरी मयत झालं त्याला देवळात पाऊल टाकता येत नाही. कांतुन बाहेरच्या वाटेवर उभा राहिला. आत बायका नैवेद्याच्या उतरंडी डोक्यावर घेऊन चालल्या होत्या. पाक सुमेर्तांना निरोप गेला. ते बाहेर आले, कांतुनचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं. त्यांनी त्याच्या दंडाला धरलं आणि खूण केली, घरी जा, थांब, आम्ही येतो. खूण बरोबर होती. कांतुन घरी गेला, दार्मीच्या उशाशी बसला आणि दिव्याकडे बघत राहिला.

आता इथे एक गोष्ट अशी आहे की ती आमच्या गावात कुणी कुणाला सांगत नाही, कारण ती सगळ्यांना ठाऊकच असते. देऊळ उत्सवात असताना कुणी गेलं तर कुलकुल वाजवत नाहीत. देव खाली आलेले असतात, त्यांच्या कानावर मयताचे टोले घालायचे नाहीत. निरोप कानोकानी जातो, लोक मागच्या वाटांनी गुपचूप येतात, आणि सूर्य मावळायच्या सुमाराला माती देऊन मोकळे होतात. ऐकणाऱ्यांना हे लहानपणापासून अंगवळणी. आणि बहिऱ्यांना? ज्यांनी कुलकुल कधी ऐकलाच नाही, त्यांना तो गप्प ठेवलेला कसा कळणार? पूर्वी प्रत्येक वेळी रानिसच सांगायला यायची, टोले पडोत की न पडोत. कांतुनच्या लेखी मयत म्हणजे आधी रानिस, आणि आता दिवा. दोन्हींशिवाय मयत होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. दिवा लागला नाही.

त्याला बैठकीतली ती रिकामी जागा आठवली. त्याच्या मनात आलं, चुकलेली दोन मयतं कुणी विसरलेलं नाही. गुडघ्याला गुडघा लावून बसले ते वरवरचं होतं. मग त्याने स्वतःची समजूत घातली की तार तुटली असेल. माणसं तुटली असं समजण्यापेक्षा तार तुटलीय असं समजणं त्याला सोपं होतं. त्याने दिव्याचा बल्ब काढला, फुंकला, परत बसवला. मग पक्कड घेतली, दार्मीच्या अंगावरची चादर नीट केली, आणि तारेखालून चालायला लागला. बांबूच्या बनातून, कॉफीच्या झाडांतून, प्रत्येक सांधा हाताने चाचपत. सांधे सगळे शाबूत होते.

तो बनात शिरला आणि इकडे मागच्या वाटेने माणसं आली. घरटी एक म्हणता दोन-दोन आली. लंद्राआजोबांचा लेक आला. पाक सुमेर्ता उत्सवाची पगडी उतरवून आले. घरात प्रेत आणि नवरा बेपत्ता.

"कुठे गेला हा?" पाकनी विचारलं.

"ओढ्यावर असेल. पाणी आणायला," कुणीतरी म्हणालं.

"माणसं पाठवा शोधायला. हाक तर मारता येत नाही."

माणसं ओढ्यावर गेली, रस्त्यावर गेली. कुलकुलच्या मनोऱ्याकडे कोण कशाला जाईल? सूर्य उतरत होता. पुजारी म्हणाले की आता थांबता येणार नाही. तेव्हा रानिसने बाह्या वर केल्या आणि बायका दार्मीला आंघोळ घालायला बसल्या. ते पहिलं पाणी नवऱ्याने घालायचं असतं.

कांतुन मनोऱ्यावर चढला होता. बॅटरी ठीक होती. पत्रे ठीक होते. दांडका खुंटीवर होता. कुणी त्याला हात लावला नव्हता. एवढं कळायला त्याला फार वेळ लागला नाही, पण तो तिथेच उभा राहिला. मग त्याने दांडका उचलला. टोला मारला नाही. मारायचा असतो हे त्याला ठाऊक होतं, पण त्याचा हात वर गेला नाही. तो नुसता दांडका छातीशी धरून उभा राहिला.

आणि बहिऱ्यांच्या घराघरांत दिवे लागले. सुरीने पोर सासूच्या मांडीवर टाकलं आणि तांदूळ घेऊन धावली. बाकीचे धावले. इकडे दार्मीला पांढऱ्या कापडात गुंडाळून शेवटची गाठ मारत होते, तेवढ्यात तिच्या डोक्यावरचा लाल दिवा लागला. बायका दचकून मागे सरल्या. रानिसला मात्र लगेच कळलं. ती ओल्या हातांनी, पदर न सावरता, मनोऱ्याकडे पळत सुटली.

मयताचा विटाळ असलेला माणूस उत्सवात मनोऱ्यावर चढला, यावर पुढे म्हाताऱ्यांनी बरेच दिवस वाद घातला. पाक सुमेर्ता त्या खेपेला पोट चोळत बसले नाहीत. ते म्हणाले, "टोला कुणी ऐकला? नाही ना? मग कुलकुल वाजला नाही. मनोऱ्यावर शुद्धीचं पाणी शिंपडा आणि घरी जा."

रानिसने हाताला धरून कांतुनला आणलं तेव्हा अंगणात उभं राहायला जागा नव्हती. ऐकणारे होते, न ऐकणारे होते. त्याने सगळ्यांकडे बघितलं. मग गुंडाळलेल्या दार्मीकडे. एकदा बांधलेली गाठ सोडत नाहीत. त्याने विचारलंही नाही. ताटीचा एक दांडा त्याने खांद्यावर घेतला, बाकीचे घ्यायला इतके खांदे पुढे आले की त्याच्या पाठीवर भार आलाच नाही.

माती देऊन लोक गेले. रानिस राहिली. अजून पुरेसा उजेड होता, हात दिसत होते. कांतुन तिच्यासमोर येऊन बसला.

"काय काय केलंत ते सांग," तो म्हणाला. "सगळं."

रानिसचे हात गप्पा मारायला तयार झालेले, या कामाला नव्हे. तिने अडखळत सुरुवात केली. पाणी. फुलांचं पाणी, डोक्यापासून. केस. केसांची खूण तिने चुकीची केली, कांतुनने तिचे हात धरून ती दुरुस्त केली. केस विंचरले, तेल लावलं. भुवयांवर कडुनिंबाची पानं. डोळ्यांवर आरशाचे तुकडे, पुढच्या जन्मी चमकावेत म्हणून. नाकात मोगऱ्याच्या कळ्या. दातांवर पोलाद.

"हात?" त्याने विचारलं.

"हात मी धुतले. एकेक बोट. मग जोडून बांधले."

कांतुनने मान हलवली. "आणि कान?"

"कानात मेण घातलं. आपण सगळ्यांना घालतो तसंच." रानिस जरा उत्साहाने पुढे सरकली. "पुढच्या जन्मी तिला छान ऐकू येईल, कांतुनदादा."

कांतुनने यावर विचार केला. मग त्याचे हात फार सावकाश हलले.

"मग मी बोललेलं तिला कसं कळेल?"

रानिसने मान खाली घातली. कांतुनने तिच्या गुडघ्याला हात लावून तिला वर बघायला लावलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "पाण्यापासून."

रानिसने पुन्हा सांगितलं. पाणी, फुलं, केस, भुवया, डोळे, नाक, दात, एकेक बोट. या खेपेला तिने कान गाळले.